विहीर का ढासळते आणि डोंगर का सरकतो: उतारातलं पाणी शोधायची गोष्ट

मी दरडींवर पीएचडी करतेय असं सांगितलं की परभणीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पण इथं डोंगर कुठंय?" प्रश्न काही चूक नाही. जिंतूरच्या वरच्या अंगाला नेमगिरीकडं आणि गंगाखेडच्या खाली बालाघाटाच्या रांगेत थोडा चढउतार आहे, बाकी जिल्हा म्हणजे पूर्णा, दुधना, गोदावरीच्या काठची सपाट काळी जमीन. पण दरड ज्या कारणानं येते ते कारण आपल्याकडच्या बहुतेक शेतकऱ्यांनी पाहिलेलं असतं. डोंगरात नाही, स्वतःच्या विहिरीत.

आठवून बघा, न बांधलेली विहीर ढासळते कधी? भर पावसात ढासळते तशीच पाऊस संपल्यावरही ढासळते. विहीर तोंडापर्यंत भरलेली असते, रब्बीचं पाणी द्यायचं असतं, कुणीतरी मोठी मोटर लावून रात्रीतून उपसा करतं. सकाळी जाऊन बघावं तर एक बाजू आत. गावात लोक म्हणतात, "पाण्याचा आधार गेला." हे वाक्य इतकं बरोबर आहे की मी ते माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये तसंच्या तसं वापरलं होतं.

घडतं असं. विहिरीतलं पाणी भिंतीला आतून दाबून धरत असतं. ते आपण काही तासांत काढून टाकतो. पण भिंतीच्या मागं, मातीच्या कणांमध्ये भरलेलं पाणी तेवढ्या वेगानं बाहेर येऊ शकत नाही. घट्ट, भेगा मिटलेल्या काळ्या मातीतून पाणी दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास सरकतं. म्हणजे समोरचा आधार गेला आणि मागचा दाब तसाच राहिला. भिंत पडते. कालव्याचं आवर्तन एकदम बंद केल्यावर काळ्या मातीतल्या कालव्याचे काठ बसतात तेही याच कारणानं. त्यात आपली माती फुगणारी. तिच्यासाठी आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर, ज्याला सीएनएस म्हणतात, तो द्यायची पद्धत विकसित केली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आज तिकडं जात नाही.

आज मला बोलायचंय ते दरडीच्या तपासणीबद्दल. तुमच्यापैकी जे पीएचडीचं किंवा एम.टेक.चं प्रपोजल लिहितायत, त्यांच्या मसुद्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते. मातीच्या चाचण्यांना चार पानं आणि पाण्याला एक ओळ: "भूजल पातळी मोजली जाईल." मीही असंच लिहिलं होतं. त्या एका ओळीनं माझं अख्खं एक वर्ष खाल्लं, आणि त्याहून वाईट काहीतरी होता होता राहिलं.

आधी माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात डोंगराचा एक तुकडा गावावर आला. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळं, कारण रोजच्या ठिकाणी त्याला गावच दिसलं नाही. त्यानंतर २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. धोकादायक गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. तिन्ही ठिकाणी जुलै महिना आणि दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस.

माळीणनंतर बरीच चर्चा झाली. उतारावर यंत्रांनी केलेलं सपाटीकरण, तोडलेली झाडं, अतिवृष्टी. प्रत्येक गोष्टीत काहीतरी तथ्य असेल. पण संशोधन करणाऱ्यानं एक पायरी पुढं जाऊन विचारायला हवं, की यातल्या प्रत्येक गोष्टीनं उताराच्या आतल्या पाण्याचं काय केलं? सपाटीकरणानं पाणी वाहून जायच्या ऐवजी मुरायला लागलं का? मुरलेलं पाणी कुठल्या थरावर अडलं? तिथला दाब किती वाढला? ही उत्तरं जमिनीच्या वरून दिसत नाहीत. उपग्रहाच्या चित्रातूनही नाही.

आता एक गैरसमज आधी काढून टाकूया, कारण मुलाखतीत यावर हमखास अडकवतात. "पाण्यामुळं माती निसरडी होते आणि घसरते," असं आपण सगळेच म्हणतो. टेरझागीनं १९५० च्या दरडींवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात हे खोडून काढलंय. पाणी वंगणाचं काम करत नाही. क्वार्ट्जसारख्या खनिजांच्या बाबतीत तर उलटच होतं. "पाण्यानं मातीचं वजन वाढतं" हेही अर्धंच खरं आहे, कारण वजन वाढलं की सरकवणारा जोर वाढतो, पण त्याबरोबर घर्षणही वाढतं.

खरा खेळ दाबाचा आहे. मातीचे कण एकमेकांवर रेलून उभे असतात. वरच्या मातीचं वजन त्यांना एकमेकांवर दाबतं, त्या दाबातून घर्षण तयार होतं, आणि घर्षण उताराला धरून ठेवतं. कणांच्या मधल्या जागेत पाणी भरलं आणि त्याचा दाब वाढला, की ते पाणी वरच्या वजनाचा काही भाग स्वतः उचलतं. कणांवर कण तेवढे कमी दाबले जातात. घर्षण कमी. वजन तेच, उतार तोच, माती तीच, पण धरून ठेवणारी ताकद गेली. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो इफेक्टिव्ह स्ट्रेस, म्हणजे प्रत्यक्षात कणांवर येणारा दाब. टेरझागीनं हे १९२० च्या दशकात मांडलं आणि मृदा-यांत्रिकी या विषयाची खरी सुरुवात तिथून झाली.

हेच आकड्यांत बघू. माझ्या अभ्यासाच्या जागेचं साधं केलेलं रूप घेते. जागा सह्याद्रीत आहे, गावाचं नाव लिहीत नाही. उतार २५ अंश. वर ४ मीटर जाडीचा मुरूम आणि चिकणमातीचा मिश्र थर, त्याखाली लाल गेरूसारखा घट्ट थर. सरकायचं झालं तर या ४ मीटरवरच्या सांध्यावर सरकणार. मातीचं वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन, घर्षण कोन ३० अंश, कणांचा आपापसातला चिकटपणा ५ किलोपास्कल. लांबलचक, एकसारखा उतार धरला तर ४ मीटरवर उताराला काटकोनात दाब येतो साधारण ६२.४ किलोपास्कल आणि खाली ओढणारा ताण २९.१.

पाण्याचा दाब शून्य असेल तर सुरक्षा गुणक, म्हणजे धरून ठेवणारी ताकद भागिले ओढणारा ताण, येतो १.४१. बरा आहे. आता त्या सांध्यावर टोक ठेवून एक नळी बसवली आणि नळीत १ मीटर पाणी चढलं, तर गुणक १.२ होतो. २ मीटर चढलं तर १.०२. आणि साधारण २.१ मीटरला बरोबर १, म्हणजे उतार निघाला. हे कागदावर एकदा स्वतः करून बघा, दहा मिनिटं लागतील.

करताना एक गंमत लक्षात येईल. पाण्यात १ मीटरची चूक झाली तर गुणक जवळजवळ ०.१९ नं बदलतो. घर्षण कोनात २ अंशांची चूक झाली, ३० च्या जागी २८ धरले, तर बदल फक्त ०.०८ च्या आसपास. आणि आपण काय करतो? कोन काढायला प्रयोगशाळेत तीन महिने घालवतो, आणि पाणी मोजायला पावसाळ्यात दोनदा साइटवर जातो.

माझी नळी खोटं बोलत होती

पहिल्या वर्षी मी तेच केलं. मे महिन्यात १२ मीटरचा एक बोअर घेतला, त्यात वरपासून खालपर्यंत भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप सोडला, भोवती खडी भरली, वर टोपण. जुलैत रीडिंग घेतलं, पाणी ७ मीटर खोल. ऑगस्टमध्ये घेतलं, पुन्हा ७ च्या आसपास. मी खूश. सांधा ४ मीटरवर, पाणी ७ वर, म्हणजे सांध्यावर पाण्याचा दाब नाही, गुणक १.४१. अहवालाच्या मसुद्यात मी "उतार सध्या स्थिर" असं लिहूनही टाकलं. उताराच्या खाली घरं आहेत, हे इथं सांगायला हवं.

मसुदा पाठवायच्या आधी एकदा श्रावणात मुक्कामाला गेले होते. बोअरपासून चाळीसएक पावलांवर, थोडं खालच्या अंगाला, बांधाच्या पोटातून पाणी फुटलेलं दिसलं. तिथं भात लावत असलेल्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हे उपळ व्हय? हे दरसाल श्रावणात इथंच फुटतंय." मी घरी येऊन हिशोब केला. उपळ फुटलं ती जागा माझ्या बोअरच्या तोंडापेक्षा फार तर तीन मीटर खाली. आणि माझी नळी म्हणते पाणी सात मीटर खोल. दोन्ही खरं कसं असेल?

दोन्ही खरं होतं, कारण तिथं पाणी एक नव्हतं, दोन होती. पावसाचं पाणी मुरमातून उतरून लाल थरावर अडत होतं आणि तिथून उताराच्या दिशेनं सरकत उपळात बाहेर पडत होतं. लाल थराच्या खाली भेगाळलेला खडक, त्याचं पाणी वेगळं आणि खोल. माझ्या बोअरनं लाल थर फोडला होता. पूर्ण लांबीला भोकं असलेल्या पाइपातून वरचं पाणी खालच्या खडकात गळून जात होतं. मी वरचंही मोजत नव्हते, खालचंही नाही. वर कहर म्हणजे बोअरच्या भोवतालचं वरचं पाणी मीच थोडंफार निचरत होते, म्हणजे मोजायला गेले तीच गोष्ट बदलत होते.

आपल्या दख्खनच्या खडकात हे जागोजागी होणार, म्हणून जरा थांबते. बेसॉल्टचे थर एकावर एक बसलेत. घट्ट काळा पाषाण, मग पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेला मांजऱ्या, दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल गेरू. विहीर खोदणारी माणसं हा क्रम तोंडपाठ सांगतात, कुठल्या थराला पाणी लागेल आणि कुठला कोरडा जाईल तेही. भेगाळ थर पाणी नेतो, लाल थर अडवतो. म्हणून एकाच डोंगरात पाण्याच्या दोन-तीन वेगळ्या पातळ्या असणं ही नेहमीची गोष्ट आहे. "या उताराची भूजल पातळी किती?" हा प्रश्नच तिथं चुकीचा ठरतो. कुठल्या थराची, आणि कुठल्या तासाची?

माझ्या गाईडना सगळं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "व्हायोंट वाचा."

व्हायोंट हे उत्तर इटलीतलं धरण. उंची २६२ मीटर. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री माँते टॉक डोंगराचा साधारण २७ कोटी घनमीटर भाग जलाशयात आला, धरणावरून लाट उसळली आणि खालचं लोंगारोने गाव धुऊन गेलं. सुमारे २००० माणसं गेली. धरण मात्र उभंच राहिलं, आजही आहे. डोंगर सरकतोय हे तिथल्या अभियंत्यांना आधीच माहीत होतं, ते मोजत होते, आणि त्या दिवसांत जलाशयाची पातळी खालीच आणत होते. (विहीर आठवली का?) त्यांनी उतारात पाण्याच्या नळ्याही बसवल्या होत्या. पण त्या भोकं असलेल्या उघड्या नळ्या होत्या, वेगवेगळ्या थरांतून जाणाऱ्या, त्यामुळं बहुतेक नळ्या जलाशयाची पातळी तेवढी दाखवत राहिल्या. एका नळीत सुरुवातीला पाणी जलाशयापेक्षा ९० मीटर वर दिसलं होतं. पुढं १९८५ मध्ये हेंड्रन आणि पॅटन यांनी सगळा डेटा नव्यानं तपासला तेव्हा त्यांनी डोंगरात दोन वेगळे जलस्तर असल्याचं मांडलं, मधे चिकणमातीचे पातळ थर, आणि खालच्या जलस्तराचा दाब वरच्या डोंगरावरच्या पावसानं वाढणारा. माझी चूक किती किरकोळ आणि किती जुनी आहे ते त्या रात्री वाचताना कळलं.

दुसऱ्या वर्षी मी दोन बोअर घेतले, एकमेकांपासून दोन मीटरवर. एकाचं टोक ४ मीटरवर, लाल थराच्या अगदी वर. दुसऱ्याचं ९ मीटरवर, खालच्या खडकात. दोन्हींत फक्त तळाच्या अर्ध्या मीटरला भोकं, त्याभोवती वाळू, आणि वाळूच्या वर बेंटोनाईटच्या गोळ्यांचं जाड बूच, म्हणजे वरचं पाणी नळीच्या बाहेरून खाली उतरणार नाही. वरचं उरलेलं भोक सिमेंट-बेंटोनाईटच्या लगद्यानं बंद. पहिल्या वर्षीचा बोअरही त्याच लगद्यानं बुजवला. बेंटोनाईट म्हणजे मॉन्टमोरिलोनाईटच, आपल्या काळ्या मातीला फुगवणारं खनिज. परभणीची माती शेवटी कामाला आली म्हणायची.

त्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात खोल नळी जेमतेम हलली. उथळ नळीत पाणी १.९ मीटर चढलं. गुणक लावा: १.०४. एक वर्ष आधी मी ज्याला १.४१ लिहिलं होतं तो उतार पडायला आणखी २० सेंटिमीटर पाणी कमी होतं. आणि तो उच्चांक रात्री दोन ते पहाटे सहाच्या दरम्यान आला, सकाळी अकराला नळी अर्ध्याहून खाली होती. दर तासाला नोंद घेणारा सेन्सर नळीत नसता तर मला तो दिसलाही नसता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची नोंद वर्षातून चार वेळा होते. सिंचनाच्या नियोजनाला ती उत्तम आहे, दरडीला तिचा उपयोग नाही. प्रपोजलमध्ये "दुय्यम डेटा" म्हणून ती टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग क्रम काय असावा

मशीन मागवण्याआधी महिनाभर चाला. खरंच चाला. डोक्यावरच्या भेगा, मधूनच वाकलेली झाडं, तिरपे विजेचे खांब, पायथ्याला आलेला फुगवटा, उपळं, ओलावा धरणारी हिरवी पट्टी, सगळं नकाशावर घ्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुठलं उपळ कुठल्या महिन्यात फुटतं, कुठलं बंद पडलं, कुठलं नवीन आहे. नवीन उपळ किंवा अचानक आटलेलं उपळ, दोन्ही वाईट.

मग बोअर. यासाठी बोअरवेलची गाडी बोलवू नका. ती हवेच्या दाबानं खडकाची भुकटी बाहेर फेकते, त्यात तीन सेंटिमीटरचा मऊ थर कधीच दिसणार नाही, आणि तुमची दरड नेमकी त्या तीन सेंटिमीटरवर सरकणार असते. कोअर काढणारी रोटरी मशीन लागते. महाग आहे. दहा बोअर भुकटीचे घेण्यापेक्षा तीन कोअरचे घ्या. स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट जरूर करा (६३.५ किलोचा घण, ७५ सेंटिमीटरवरून), पण दगडगोटे असलेल्या मुरमात एखादा गोटा टोकाखाली आला की ठोक्यांचा आकडा उगाच वाढतो. तो आकडा बघून "माती कठीण आहे" म्हणणारे अहवाल मी वाचलेत.

सरकायची पातळी नेमकी कुठं आहे हे कळायला इनक्लिनोमीटर. खाचा असलेली नळी बोअरमध्ये बसवून दर अर्ध्या मीटरला तिचा कल मोजायचा, आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचा. जिथं वाकली तिथं डोंगर सरकतोय. बजेट नसेल तर गरिबाचा उपाय आहे: साधा पीव्हीसी पाइप बसवा, त्यात दोरीला बांधलेला लोखंडी गज सोडत राहा. एक दिवस तो मधेच अडकेल. अडकला ती खोली लिहून ठेवा. यावर हसू नका, पद्धत जुनी आणि मान्य आहे.

प्रयोगशाळेबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. उतार याआधी कधी सरकलेला असेल, तर सरकलेल्या सांध्यावर मातीची सुरुवातीची ताकद उरलेली नसते. चिकणमातीचे चपटे कण त्या दिशेला आडवे बसून गुळगुळीत झालेले असतात. या उरलेल्या ताकदीला रेसिड्युअल स्ट्रेंग्थ म्हणतात. स्केम्प्टननं १९६४ च्या रँकिन व्याख्यानात ती ठळकपणे मांडली. तिथं चिकटपणाचे ५ किलोपास्कल धरणं म्हणजे खिशात नसलेले पैसे खर्च करणं. म्हणून बॉक्स शिअर टेस्ट एकदाच ढकलून थांबवू नका, तोच नमुना मागं-पुढं करत ताकद स्थिर होईपर्यंत चालवा.

पाणी सापडल्यावर

आता लोकांचा आवडता भाग, भिंत. दरड म्हटलं की पायथ्याला भिंत किंवा डोंगराला जाळी, असं डोळ्यांसमोर येतं. जाळ्या सुट्या दगडांसाठी असतात, घाटरस्त्यांवर त्या कामाच्याच आहेत, पण ४ मीटर खोल सरकणाऱ्या मातीला जाळी काही करत नाही. भिंत करू शकते, पण मागचं पाणी काढायला भोकं आणि खडीचा थर नसेल तर ती भिंत म्हणजे डोंगरात बांधलेला बंधाराच. विहीर बांधताना गवंडी मधे मधे सांधे मोकळे सोडतो ते उगाच नाही.

माझ्या उतारावर जे सुचवलंय ते बघा. भेगांच्या वर पक्का चर, म्हणजे डोक्यावरचं पाणी बाजूला जाईल. भेगा चिकणमाती ठासून बंद. मग उताराच्या दिशेनं उतरणारे, लाल थरापर्यंत खोल चर, जिओटेक्स्टाइल टाकून खडीनं भरलेले. हे चर लाल थराच्या वरचं पाणी काढतील. पायथ्याला गॅबियन, म्हणजे जाळीत भरलेल्या दगडांचा पाणी सोडणारा वजनदार आधार. चर उन्हाळ्यातच आणि थोडे थोडे करून खणायचे, अख्खा उतार एकदम उघडा करायचा नाही. उच्चांकाला पाणी १ मीटरनं जरी कमी राहिलं तरी गुणक १.०४ वरून १.२३ च्या आसपास जातो. चिकटपणाचे ५ काढून टाकले तर मात्र १.०६ च. म्हणून चिकटपणा आहे की नाही यावर सध्या माझं आणि गाईडचं भांडण चालू आहे.

पहिल्या वर्षीच्या डेटावर हेच डिझाइन केलं असतं तर? पाणी ७ मीटरवर आहे म्हणून मी खोल खडकात आडवे ड्रेन सुचवले असते. ड्रेनमधून पाणी आलं असतं, फोटो छान आले असते, आणि वरच्या थरातलं पाणी जसंच्या तसं राहिलं असतं.

पुनर्वसनालाही हेच लागू आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये नव्या माळीणचं लोकार्पण झालं आणि त्याच जूनच्या पावसात तिथं रस्त्यांना भेगा पडल्या, भराव खचला. उतार कापून एका बाजूला भराव टाकला की तिथलं पाणी नव्यानं शोधावं लागतं, जुनी रीडिंग त्या जागेला चालत नाहीत.

विषय शोधणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते आणि थांबते. एका पावसाळ्यावर पीएचडी बेतू नका. पहिलं वर्ष नळ्या कुठं चुकल्या ते कळण्यात जातं, दुसरं कोरडं जाऊ शकतं. पाऊस आणि नळीतलं पाणी यांच्यात किती तासांचं अंतर पडतं हा एक अत्यंत साधा, अत्यंत उपयोगी प्रश्न आहे, आणि आपल्या बेसॉल्टच्या उतारांवर त्याचं उत्तर थोड्याच ठिकाणी मोजलेलं आहे. धोक्याचा इशारा देणारी कुठलीही यंत्रणा त्या तासांवरच उभी राहणार. आणि सह्याद्रीत जाणं जमत नसेल तर जाऊ नका. गावाकडच्या एखाद्या न बांधलेल्या विहिरीच्या काठाला तीन वेगळ्या खोलींवर नळ्या बसवा, मालकाला विचारून उपसा किती झाला ते लिहा, आणि विहिरीतलं पाणी खाली जाताना मागच्या मातीतलं किती मागं राहतं ते दर अर्ध्या तासाला मोजा. फक्त काठापासून लांब उभं राहून.

माझ्या उथळ नळीची बॅटरी मेमध्ये बदलायची आहे. आजींनी सांगितलंय की यंदा उपळ थोडं वरच्या अंगाला फुटेल असं त्यांना वाटतं. का वाटतं ते त्यांना सांगता येईना, पण मी तिथं तिसरी नळी बसवतेय.